कामिशोव्कातला पहिला उन्हाळा

उत्तर ध्रुवाजवळच्या व्होर्कुताहून दक्षिणेला गेलेला माणूस वर्ष काढत नाही, असं व्होर्कुतात सगळेच म्हणत. खाणीतले म्हणत, दवाखान्यातल्या आया म्हणत, आणि रिम्माची शेजारीण नोन्ना तर अशा खात्रीने म्हणे, जणू तीच एकेकाला समुद्रापर्यंत पोचवून, त्याचे डोळे मिटवून परत आलीये.

"आपण म्हणजे बर्फातली मासळी, रिम्मा," नोन्ना म्हणाली. ती दारात उभी राहून रिम्माची बांधाबांध बघत होती. "गोठलेल्या आहोत तोवर टिकू. उन्हात नेऊन ठेवलं की दुसऱ्या दिवशी वास."

"तोंड आवर गं," आतून रिम्माचा नवरा वेन्या ओरडला आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

एरवी रिम्मा हसली असती. पण अर्धं घर पोत्यांत भरलेलं होतं, भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते, आणि खिडकीबाहेर एप्रिल महिन्यात हिमवादळ घोंघावत होतं. त्या पाच मजली इमारतीत आता बोटांवर मोजता येतील एवढ्याच खिडक्यांत दिवा लागायचा. बाकीच्यांना फळ्या ठोकलेल्या. खाण बंद पडली तशी माणसं पांगली. कधी वरच्या रिकाम्या घरात गरम पाण्याचा नळ फुटायचा आणि जिन्यात बर्फाचा धबधबा लोंबायचा. तरीही रिम्माने जायचं नाव काढलं नसतं. तिकडच्या हिवाळ्याला ती सरावली होती. सरावला नव्हता तो वेन्याच्या छातीचा भाता. आयुष्यभर खाणीच्या तोंडाशी बसून त्याने माणसांना खाणीत उतरवणारा पाळणा खाली-वर केला, आणि आता स्वतःला दोन मजले चढताना चार वेळा थांबावं लागायचं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "रिम्मा सावेल्येवना, यांना अजून एक हिवाळा इथे काढायला लावू नका."

म्हणजे राहिला तर थंडीने मरणार आणि गेला तर उन्हाने. रिम्माने यावर कितीतरी दिवस डोकं शिणवलं. शेवटी ती तयार झाली ती लाव्रेन्तीमुळे.

लाव्रेन्ती हा वेन्याचा खाणीतला जुना सोबती. तो दक्षिणेला, अझोव्ह समुद्राच्या काठी, कामिशोव्का नावाच्या गावात जाऊन राहिला होता, आणि त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. "दोन वर्षं!" वेन्या टेबलावर हात आपटून म्हणायचा. "आणि मेला नाहीच, उलट सुटलाय. फोटो बघ त्याचा. पोट बघ." त्यानेच तिथे त्यांच्यासाठी घर बघून ठेवलं होतं. रिम्माने तो फोटो बराच वेळ निरखला. लाल चेहरा, गवती टोपी, हातात भलामोठा भोपळा. माणूस जिवंत दिसत होता खरा.

रिम्माचा स्वभावच मुळात काळजीचा. बालवाडीच्या स्वयंपाकघरात तिने हयात घालवली, आणि उकळतं सूप व पोरांचे हात यांच्यामध्ये उभं राहून राहून तिला सगळीकडे चटकाच दिसायचा. मन चिंती ते वैरी न चिंती, त्यातली गत. आगगाडी मॉस्कोकडे निघाली आणि बर्फ मागे पडू लागला, तशी ती दर स्टेशनाला वेन्याच्या कपाळाला हात लावून पाहू लागली. वेन्या मात्र खिडकीला नाक लावून बसलेला. मॉस्कोत गाडी बदलली. पुढे काळी जमीन दिसली तेव्हा त्याने कोट काढला. हिरवं गवत दिसलं तेव्हा स्वेटर काढला. रस्तोव्हच्या पुढे जर्दाळूची झाडं फुललेली दिसली आणि हा बाबा बनियन नि सपाता घालून फलाटावर उतरला, खारवलेल्या काकड्या विकणाऱ्या बायांशी गप्पा मारत उभा राहिला.

"टोपी घाल!" रिम्मा डब्याच्या दारातून ओरडली. "छाती झाक! वारं लागेल!"

"लागू दे," तो म्हणाला. "मी वाऱ्यासाठीच आलोय."

लाव्रेन्ती त्यांना घ्यायला स्टेशनवर आला होता. रिम्माने त्याला मिठी मारली ती जरा जास्तच वेळ, कारण ती कान लावून त्याचा श्वास ऐकत होती. श्वास ठीक होता. थोडी शीळ वाजत होती, पण ती नाकातली.

घर लहानसं, चुन्याने रंगवलेलं, पुढे अंगण, मागे बागेची जमीन. कुंपणापलीकडे मेलान्यामावशी राहायच्या. सत्तरी कधीच ओलांडलेली ही इथल्याच मातीतली कोसॅक बाई. आवाज असा की गावाच्या दुसऱ्या टोकाला कोंबड्या दचकाव्यात. पहिल्याच सकाळी कुंपणावर कोपर टेकवून त्यांनी रिम्माला नखशिखांत न्याहाळलं.

"पोरी, पायात लोकरीचे मोजे?"

"सवय आहे, मावशी. पाय गार पडतात माझे."

"पडायचे. आता मुकाट्याने गरम होतील. काढ ते, नाहीतर उकडून निघशील बटाट्यासारखी."

रिम्माने हसून मान डोलावली आणि मोजे काढले नाहीत. स्वतःकडे बघायला तिला फुरसत कुठे होती? तिचे डोळे सदोदित वेन्यावर. सकाळी चहाच्या आधी बीपीचं मशीन काढायची आणि त्याच्या दंडाला पट्टा आवळायची. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. तो बागेत कुदळ घेऊन गेला की ही पाण्याचा तांब्या घेऊन मागे. तो समुद्रावर गेला की ही रस्त्याच्या टोकाशी. आणि वेन्यावरची नजर हटली की ती लाव्रेन्तीवर जायची. लाव्रेन्ती हा तिचा पुरावा होता ना! त्याला ती आठवड्यातून दोनदा जेवायला बोलवायची, मांस भरलेल्या पेल्मेनी उकडून वाढायची, आणि खाता खाता विचारायची, "झोप लागते? छातीत काही? पायाला सूज?"

"वेन्या," लाव्रेन्ती एकदा म्हणाला, "तुझी बायको माझ्याकडे खाटीक बोकडाकडे बघतो तशी बघते."

"तुझ्याकडे आठवड्यातून दोनदा बघते," वेन्या म्हणाला. "माझं रोजचंय."

दोघे खो खो हसले. लाव्रेन्तीने घरी केलेल्या दारूचा आणखी एक पेला ओतला. रिम्माने पेला पाहिला, पण तेव्हा त्याचं तिला काही वाटलं नाही.

जून संपत आला होता. एका सकाळी रिम्मा टोमॅटोच्या वाफ्यात वाकली होती. कुंपणाशी मेलान्यामावशी येऊन उभ्या राहिल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. त्या ओरडल्या नाहीत, एवढ्यानेच रिम्माच्या हातातलं खुरपं गळालं.

"काय झालं?"

"तुमचा लाव्रेन्ती गेला गं," मावशी हळू म्हणाल्या. "अंगणात खाटेवर झोपला होता. उठलाच नाही."

अंत्यविधीला गावातले बरेच जण आले. उत्तरेकडून येऊन राहिलेली चार-दोन कुटुंबंही होती. ती सगळी एका बाजूला गोळा होऊन उभी राहिली आणि आता कोणाची पाळी अशा नजरेने एकमेकांकडे बघत राहिली. निदान रिम्माला तरी तसंच वाटलं. वेन्या मातीची मूठ टाकताना रडला. परतताना मेलान्यामावशी म्हणत होत्या, "न्याहारीला डुकराची चरबी नि दारू, जेवायला दारू नि डुकराची चरबी. हृदय म्हणजे काय लोखंडाचं असतं? हेच व्होर्कुतात केलं असतं तर तिथे मेला असता." पण रिम्माच्या कानात यातलं काही शिरलं नाही. तिच्या मनात एकच घोळत होतं. लोक वर्ष म्हणतात. लाव्रेन्तीने दोन काढली. म्हणजे फार तर दोन.

संध्याकाळी तिने नोन्नाला फोन लावला. लाव्रेन्ती गेल्याचं सांगितलं.

"मी तुला सांगितलं नव्हतं?" नोन्ना म्हणाली. मग लगेच तिचा आवाज बदलला. "अगं, मी आपली बडबडते. तू मनावर घेऊ नकोस. वेन्या कसाय?"

"बागेत उभाय."

"मग ठीक आहे की."

"टोपीशिवाय उभाय, नोन्ना."

त्या दिवसापासून घरातले पडदे उघडेनात. जुलै लागला आणि ऊन असं तापलं की अंगणातल्या पत्र्याला हात लावला तर कातडी सोलून निघावी. रिम्माने वेन्याला सकाळी न्याहारीनंतर घराबाहेर पडायची बंदी केली. तो मागच्या दाराने सटकू लागला, तर तिने मागच्या दाराला कुलूप घातलं. तो सायकलवरून खाडीवर मासे धरायला जायचा, तर तिने एके दिवशी चाकांतली हवा सोडली आणि पंप पिठाच्या डब्यात लपवला. पंप कुठे गेला म्हणून वेन्याने सारं घर उलथंपालथं केलं. मग धिरडी करायला म्हणून तिनेच पिठाचा डबा उघडला, आणि तो नेमका मागे उभा.

वेन्या क्वचितच चिडायचा. त्या दिवशी चिडला.

"आयुष्यभर मी अंधारात बसलो, रिम्मा! डिसेंबरात तिथे सूर्य उगवायचासुद्धा नाही. आता कुठे उजेड मिळाला, तर तू पडदे ओढतेस?"

"लाव्रेन्तीला काय झालं बघितलंस ना?"

"लाव्रेन्ती लाव्रेन्ती होता! मी काय त्याच्यासारखा ढोसतो?"

"तुझं प्रेशर काल वर होतं."

"तू दर दोन तासांनी दंड आवळतेस म्हणून वर होतं! मरायचं असेल तर मरू दे मला सुखाने. उन्हात बसून मरेन!"

"खुशाल मर!" रिम्माचा आवाज चिरकला. "पण तू गेलास तर मी इथे कोणाची? सांग ना. ना ओळख, ना पाळख. कोणाच्या दारात जाऊ? तिथे निदान नोन्ना होती, बालवाडी होती, जिना ओळखीचा होता. इथे मला दुकानदाराचं नावसुद्धा माहीत नाही. तू गेलास की मी काय करू, या टोमॅटोंशी बोलू?"

एवढं एका दमात ती कधी बोलली नव्हती. तिलाही ते तोंडातून निघाल्यावरच कळलं. वेन्याने पंपावरचं पीठ बाहीने पुसलं आणि तो अंगणात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रिम्मा उठली तेव्हा तो घरात नव्हता. सायकल नव्हती, गळ नव्हते. न्याहारीला येईल म्हणून तिने दोन ताटल्या मांडल्या. तो आला नाही. मग ती गार सूप करायला बसली. काकडी चिरली, अंडी चिरली, वर पावापासून केलेला आंबूस क्वास ओतायचा तेवढा बाकी ठेवला. तो आला नाही. तिने फोन लावला तर फोन खिडकीतच वाजला. चहाच्या डब्यामागे तो विसरून गेला होता, की मुद्दाम ठेवून गेला होता?

ऊन डोक्यावर आलं. गावातल्या खिडक्यांची लाकडी दारं एकेक करून मिटली. या वेळी कामिशोव्कात कुत्रंही सावलीबाहेर पाय टाकत नाही. रिम्माने घराला कुलूप लावलं आणि निघाली. अंगावर अजून अंत्यविधीला घातलेला काळा जाड झगा, कारण घरात असली की ती आजकाल तोच घालायची. पायात मोजे. डोक्याला रुमाल बांधायचं घाईत राहून गेलं. सकाळपासून ती एक घोटही पाणी प्यायली नव्हती, पण हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

मेलान्यामावशींनी खिडकीच्या फटीतून तिला पाहिलं.

"ए पोरी! कुठे निघालीस? वेड लागलं का?"

"वेन्या आला नाही अजून!"

"येईल! त्याला पाय आहेत! परत फीर!"

ती फिरली नाही. गाव संपला की खाडीपर्यंत वाट पाणथळीतल्या उंच बोरूंमधून जाते. तिथे वारा नाही, सावली नाही, नुसता तापलेल्या चिखलाचा वास. रिम्मा चालत राहिली आणि हाका मारत राहिली. बोरूंतून एखादं पाखरू फडफडून उडायचं, की ती झटकन तिकडे वळायची. डोळ्यांपुढे सारखं एकच चित्र: वाटेच्या कडेला सायकल आडवी, आणि पलीकडे वेन्या. आता या वळणावर दिसेल. नाही. मग त्या वळणावर.

खाडीच्या काठाशी उलटी घातलेली एक होडी होती, आणि होडीच्या पलीकडून दोन पाय दिसत होते. अनवाणी. हलत नव्हते.

रिम्मा धावली. साठी उलटलेली बाई, जाड झग्यात, तसल्या उन्हात धावली. होडीला वळसा घालून ती गुडघ्यांवर पडली आणि त्या माणसाचे खांदे गदागदा हलवू लागली.

"आई शप्पथ!" तो माणूस ताडकन उठून बसला. कोणी अनोळखी कोळी होता, तिशीतला. "झोपू द्या की! काय झालं? आग लागली?"

"वेन्या... म्हातारा... सायकलवाला..."

"मला काय माहीत कोण वेन्या! काकू, तुम्ही बऱ्या आहात ना? चेहरा बघा तुमचा. बसा सावलीत."

"बसायला वेळ नाही," रिम्मा म्हणाली आणि काठाने पुढे निघाली.

थोडं पुढे गेल्यावर तिला थंडी वाजायला लागली. तिला त्याचं नवल वाटलं नाही. घाम कधीचा थांबला होता. समोरचं पाणी पांढरं दिसत होतं, वाटही पांढरी, आणि कानांत वादळात घोंघावतो तसा वारा घोंघावत होता. वादळात थांबायचं नसतं, भिंतीचा आधार धरून चालायचं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने भिंतीसाठी हात पुढे केला. भिंत नव्हती.

नशीब म्हणायचं ते एवढंच, की मेलान्यामावशी खिडकीच्या फटीपासून हटल्या नव्हत्या. रिम्मा बोरूंत शिरताना दिसली तशा त्या पुटपुटत उठल्या, डोक्याला पांढरा रुमाल बांधला, रस्त्यावरून जाणारी मासळीची गाडी हात आडवा करून थांबवली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "खाडीवर चल. उत्तरेकडची बाई मरायला निघालीय." काठाशी तो कोळी आधीच रिम्माला उचलून होडीच्या सावलीत नेत होता. तिघांनी मिळून तिला गाडीत घातलं, मासळीच्या बर्फाच्या पेट्यांना लागून. मावशींच्या तळघरात नेऊन ओल्या चादरीत गुंडाळलं, काखेत नि मानेला बर्फ लावला, आणि अँब्युलन्स येईपर्यंत मावशी तिला शिव्या देत वारा घालत बसल्या.

वेन्याला बातमी कळली ती तासाभराने. तो होता कुठे? कोळ्यांची जाळी ठेवायच्या जुन्या शेडमध्ये, गार ओट्यावर, डोमिनो खेळत. डोक्यावर टोपी होती. आदल्या दिवशी बायको जे बोलली ते त्याच्या मनाला लागलं होतं, आणि ऊन चढलं तसा तो स्वतःहून सावलीत जाऊन बसला होता. ऊन उतरलं की घरी जायचं, चार मासे तिच्या हातात ठेवायचे आणि म्हणायचं, बघ, शहाण्यासारखा वागलो, असा त्याचा बेत होता.

तालुक्याच्या दवाखान्यात त्याला दोन दिवस आत जाऊ दिलं नाही. तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले, तरुण होते, डोळे तारवटलेले.

"वाचल्या," ते म्हणाले. "ऊन लागलं होतं ते तर होतंच. पण यांचं बीपी किती वर्षांपासून वाढलेलंय?"

"तिचं?" वेन्या म्हणाला. "तिला काही नाही. आजारी मी असतो."

"औषध कुठलं घेतात?"

"तिच्याकडे मशीन आहे ना, डॉक्टर. रोज तीनदा बघते ती." आणि मग त्याने स्वतःच्या दंडाकडे पाहिलं. "माझं," तो म्हणाला. "माझं बघते."

डॉक्टरांनी एक उसासा टाकला. "आजोबा, तो पट्टा दुसऱ्याच्या दंडालाही बसतो."

आत रिम्मा उशीला टेकून पडली होती. चेहरा सालं निघालेल्या टोमॅटोसारखा, ओठ फुटलेले. वेन्या खुर्ची ओढून जवळ बसला आणि त्याने तिचा हात हातात घेतला. असा घाबरलेला तो तिला खाणीत स्फोट झाला होता त्या दिवशीही दिसला नव्हता.

"परत जाऊ," तो म्हणाला.

"कुठे?"

"घरी. व्होर्कुताला. मला नको हे ऊन नि मासे. मी नोन्नाला फोन केला."

"काय म्हणाली?"

वेन्याने मान खाली घातली. "आपल्या जिन्यातली सगळी घरं बंद केली म्हणे मे महिन्यात. सगळ्यांना हलवलं. आपल्या दारावर फळ्या ठोकल्या. नोन्नाला दुसऱ्या इमारतीत खोली दिलीय. पण म्हणते, या, तोवर माझ्याकडे राहा. मग रडली. आणि मग विचारलं, तिकडे खरंच इतकं गरम असतं का?"

आपल्या घराच्या दारावर फळ्या, हे चित्र रिम्माच्या डोळ्यांपुढे आलं. म्हणजे आता मागे काही उरलंच नाही. इतके दिवस मनात कुठेतरी होतं, की अगदीच काही झालं तर परत जाता येईल. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी ढकलगाडी नेत होतं. वेन्या नाक पुसत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, सवयीने श्वास ऐकत राहिली, आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं.

"वेन्या, तू खोकला नाहीस."

"हं?"

"इथे येऊन बसल्यापासून खोकला नाहीस. केव्हापासून थांबलाय खोकला?"

त्याने आठवून पाहिलं. "कोण जाणे. मे असेल. तुझ्या लक्षात नाही आलं?"

नव्हतं आलं. रात्रंदिवस ती त्याचा श्वास थांबतोय का ते ऐकत होती. खोकला थांबला, ते तिला ऐकूच आलं नव्हतं.

"परत कुठेही जायचं नाही," ती म्हणाली. "मला ते मोजे काढून दे पायातले."

"मोजे इथल्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी काढले. कापून काढावे लागले."

घरी आल्यावर गोष्टी बदलल्या, पण वाटतं तितक्या सोप्या रीतीने नाही. काळजी काही झाडाच्या पानासारखी गळून पडत नाही. ती फक्त दोघांत वाटली गेली. आता सकाळी चहाच्या आधी दोन दंडांना पट्टा लागायचा, आणि रिम्माचा आकडा वर दिसला की वेन्या हादरून जायचा, पुन्हा मोज म्हणायचा, पुन्हा मोज. मेलान्यामावशींनी रिम्माला आपल्या हाताखाली घेतलं. पहाटे उठून बागेतलं काम आटपायचं, ऊन चढायच्या आत दारं मिटायची, दुपारभर निजायचं, संध्याकाळी पुन्हा जगायला लागायचं. "दुपारी झोपायला मला लाज वाटते," रिम्मा म्हणायची. "मग लाजत झोप," मावशी म्हणायच्या. त्यांनी स्वतःचा एक सुती, पातळ, मोठाल्या पोपटी फुलांचा झगा तिच्यासाठी आखूड करून दिला. दुकानदाराचं नाव खारितोन होतं, हेही तिला कळलं. अधूनमधून, विशेषतः वारा नसलेल्या दुपारी, तिचं मन लाव्रेन्तीकडे जायचंच. दोन वर्षं. मग ती उठून दोन पेले पाणी प्यायची, आणि वेन्यालाही हलवून पाजायची.

सप्टेंबरच्या मध्यावर मावशी एका सकाळी गळ्यात पंचा टाकून दारात आल्या.

"चल. समुद्रात उतरू."

"मला पोहता येत नाही, मावशी."

"या समुद्रात पोहतो कोण? गुडघाभर पाणी. बुडायचं म्हटलं तर पलीकडच्या काठापर्यंत चालत जावं लागतं."

वेन्या अर्थातच मागोमाग आला. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात टोपी, खांद्यावर शाल, खिशात तिच्या गोळ्या. मावशी आणि रिम्मा झगे खोचून पाण्यात शिरल्या. पाणी कोमट होतं, तळाला मऊ वाळू. दहा पावलं गेलं तरी घोटेच बुडालेले. रिम्माला मजा वाटली. ती पुढे गेली.

"पुरे गं!" वेन्या काठावरून ओरडला.

"अजून गुडघेसुद्धा नाही भिजले!"

"डॉक्टरांनी काय सांगितलंय? हळू! मावशी, तिला धरा!"

"तिला धरू की तुला?" मावशींनी ओरडून विचारलं.

रिम्मा चालत राहिली. मागून वेन्याच्या हाका येत होत्या, त्या हळूहळू बारीक होत गेल्या, आणि मग पुन्हा मोठ्या. तिने वळून पाहिलं. पँट न दुमडता, बुटांसकट, तो पाण्यातून छपछपत येत होता, बाटली आणि टोपी दोन्ही डोक्यावर उंच धरून. जवळ आला तेव्हा त्याला धाप लागली होती. रिम्मा कान देऊन थांबली. धाप लागली होती, पण छातीत शीळ नव्हती.

"डोकं उघडं," तो म्हणाला आणि टोपी तिच्या डोक्यावर दाबून बसवली. "एवढं पुढे कशाला यायचं?"

"कंबरेपर्यंत पाणी कुठे येतं ते बघत होते."

"आलं?"

"नाही अजून."

वेन्याने पुढे पाहिलं. नुसतं शांत, राखाडी, उथळ पाणी. मग त्याने मागे काठाकडे पाहिलं, तो बराच लांब राहिला होता, आणि त्याने तिच्या दंडाला घट्ट धरलं.

"मग आणखी थोडंच," तो म्हणाला. "पण सावकाश. आणि आधी दोन घोट पाणी पी."